हेवी लायसन काढायचंय, ट्रेनिंग कुठं घेऊ?

वाचकाचं पत्र:

"मी वणी तालुक्यातला. वय 23, बारावी झालो. घरी सहा एकर कोरडवाहू. ट्रॅक्टर चांगला चालवतो, चारचाकीचं लायसन दीड वर्षापूर्वी काढलं. आता हेवी काढायचं आहे, कारण इकडे कोळशाच्या अन् सिमेंटच्या गाड्यांवर काम भेटते. तालुक्याला एक एजंट आहे, तो म्हणते, 'तू फक्त फोटोले अन् टेस्टले ये, बाकी मी पाहून घेतो.' जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोटार ट्रेनिंग स्कूल आहे, तिथं टाटाच्या छोट्या 407 ट्रकवर शिकवतात. नागपूरकडे एक मोठं सेंटर आहे, सिम्युलेटर अन् स्वतःचा ट्रॅक आहे म्हणतात, पण फी जास्त अन् राहायचा खर्च वेगळा. मामा ट्रकवर आहेत. ते म्हणतात, 'कायले पैसे घालवतं, माह्यासंग क्लिनर म्हणून ये, सहा महिन्यात शिकून जाशीन.' काय करू?"

— वणी तालुक्यातील एक वाचक

भाऊ,

उत्तर आधी देतो, कारणं मागून. एजंटचा नाद सोडा. जिल्ह्याच्या ठिकाणची स्कूल चालेल, पण तिच्याकडे 407 शिवाय खरा जड ट्रक असेल तरच. नागपूरकडचं सेंटर सरकारमान्य असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर तिथे जाणं सगळ्यात चांगलं. मामांचं म्हणणंही खोटं नाही, पण त्यांची पाळी लायसन हातात आल्यावर येते.

लायसनचं कार्ड कुठूनही काढा, दिसतं सारखंच. फरक दोन ठिकाणी पडतो: कोणत्या गाडीवर शिकवतात, आणि स्टिअरिंग प्रत्यक्ष तुमच्या हातात किती तास राहतं. स्कूल निवडताना या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की करा. 'शंभर टक्के पास'ची पाटी, चकचकीत ऑफिस, मोबाइलवर पाठवलेल्या नोट्स यांना फारसं महत्त्व देऊ नका.

पात्रतेचं थोडक्यात. हेवी ज्यात येतं त्या ट्रान्सपोर्ट वर्गाच्या, म्हणजे धंद्याच्या गाड्यांच्या, लर्निंग लायसनसाठी (कच्च्या लायसनसाठी) वय किमान 20 लागतं आणि हलक्या चारचाकीचं लायसन निघून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. तुमचं दोन्ही बसतं. ट्रॅक्टर किती वर्षं चालवला ते तिथे कोणी मोजत नाही, लायसनवरची तारीख मोजतात. आठवी पासची जुनी अट 2019 मध्ये निघाली, तेव्हा गावातल्या कमी शिकलेल्या मित्रांनाही हा रस्ता मोकळा आहे. 'आठवीचा दाखला नाही, त्याची सोय करून देतो' असं म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर तो सरळ फसवतोय.

एक काम मात्र फी भरण्याच्या आधीच करा: डोळे तपासा. हेवीसाठी नोंदणीकृत डॉक्टरचं फॉर्म 1ए मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात रंग ओळखता येतात का, 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, कानाने नीट ऐकू येतं का, हे सगळं विचारलेलं असतं. रंगांधळेपणा असलेल्या कित्येकांना तो असल्याचा पत्ताच नसतो. ट्रेनिंगची अर्धी फी भरून झाल्यावर तो कळला तर पैसे परत मिळायची मारामार होते. ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करा, मग स्कूलची चौकशी करायला निघा.

आता 407 चं. टाटांच्या जुन्या नंबरांत पुढचे आकडे साधारण टनांचे आणि शेवटचे दोन ताकदीचे असत. 1613 म्हणजे सोळा टनांच्या घरातली, 130 हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी. 407 त्या हिशेबाने लहान गाडी आहे, तिचं मालासकट एकूण वजन साडेसात टनांच्या आत राहतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं आहे की 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या चारचाकीच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे 407 चालवायचं लायसन आजही तुमच्या खिशात आहे. तिच्यावर हेवीचं ट्रेनिंग घ्यायचं म्हणजे जे येतं त्याचेच पुन्हा पैसे मोजायचे.

म्हणून स्कूलमध्ये गेल्यावर पहिली मागणी करा, 'ज्या गाडीवर मला शिकवणार तिचं आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, दाखवा.' त्यावर तीन गोष्टी वाचा. एकूण भारित वजन किती आहे: सहा चाकी मोठा ट्रक असेल तर ते सोळा टनांच्या पुढे हवं. मालक कोण आहे: नियमाप्रमाणे गाडी स्कूलच्याच मालकीची लागते, शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणलेली चालत नाही. फिटनेस आणि विमा चालू आहेत का तेही पाहा. मागून आणलेल्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूचे पेडल नसतात आणि ती भाड्यावर गेली की तुमचा तास बुडतो.

पेडलांचंही डोळ्यांनी पाहा, सांगण्यावर जाऊ नका. ट्रेनिंगच्या गाडीला डबल कंट्रोल लागतं, म्हणजे डावीकडे बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. स्वतः डाव्या सीटवर बसा, ब्रेकचं पेडल दाबा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं पेडल सोबत खाली जातं का बघा. दोन्ही पेडलांना जोडणारं लिंकेज ढिलं पडलेलं असेल तर पेडल नुसतं हलतं, गाडी थांबत नाही. बरेच दिवस वापरात नसलेलं पेडल धुळीने माखलेलं आणि गंजलेलं दिसतं. तसं दिसलं तर समजा, शिकवणारा गाडीत बसतच नाही किंवा शिकणाऱ्याला स्टिअरिंगच देत नाही.

मग इंजिन चालू करायला सांगा आणि डॅशबोर्डवरचा हवेचा काटा बघा. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. काटा साधारण 7-8 बारपर्यंत चढायला हवा, आणि इंजिन बंद केल्यावर भराभर खाली येता कामा नये. आला तर कुठेतरी हवा गळतेय, सुसू आवाज कानावर येतोच. दाब फार खाली गेला की बझर वाजतो, आणि त्याहून खाली गेला की पार्किंगचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून चाकं जाम होतात. कारण या ब्रेकमध्ये चाक धरून ठेवायचं काम स्प्रिंग करते आणि हवा तिला मागे दाबून मोकळं करते. हवा संपली की स्प्रिंग जिंकते. हे समजलेला ड्रायव्हर सकाळी काटा भरल्याशिवाय गाडी हलवत नाही. शिकवणाऱ्याला इथेच एक प्रश्न टाका, 'हवेच्या टाकीतलं पाणी कधी काढता?' रोज, असं उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ते काढलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात आणि ब्रेक उशिरा लागतात.

शिकवणाऱ्याची पात्रताही नियमात लिहिलेली आहे: किमान दहावी, गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र किंवा त्याहून वरची पदविका. स्कूलचा मूळ परवाना ऑफिसात दिसेल असा लावलेला असावा लागतो, तो पाच वर्षांचा असतो. मुदत वाचा, आणि तो परवाना जड वाहनांचं ट्रेनिंग द्यायला आहे का तेही बघा. नुसत्या कारसाठी परवाना असलेल्या स्कूलने हेवीचं प्रमाणपत्र द्यायचं काम नाही. शंका आली तर परवाना क्रमांक टिपून घ्या आणि आरटीओ कार्यालयात विचारा. ऑफिसात उघडं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक शू-ड्रम, जॅक, टायरची हवा मोजायचं गेज हे सामानही शिकवायला असावं लागतं. कोपऱ्यात पडलेलं का होईना, आहे का पाहा.

आता तासांचा हिशेब. सगळी मेख इथे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार साध्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ट्रान्सपोर्ट वाहनाचं ट्रेनिंग किमान 30 दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 15 तासांचं हवं. स्कूलला दोन रजिस्टरं ठेवावी लागतात. फॉर्म 14 मध्ये शिकणाऱ्यांची नोंद, फॉर्म 15 मध्ये कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली ते. शेवटी मिळतं ते फॉर्म 5 चं प्रमाणपत्र. हेवीच्या पक्क्या लायसनला ते लागतंच, आणि एजंट जे 'पाहून घेतो' म्हणतो ते बहुतेक याच कागदाबद्दल असतं.

तास कुठे गळतात? केबिनमध्ये पाच-सहा पोरं बसवतात, तासभर गाडी फिरते, प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं स्टिअरिंग मिळतं आणि रजिस्टरात सगळ्यांच्या नावावर एक-एक तास चढतो. 30 दिवसांनी तुमच्या हातात धड सहा तासही आलेले नसतात. म्हणून विचारायचं ते असं: 'एका फेरीत किती जण? एकाला सलग किती वेळ?' दोघे असतील आणि प्रत्येकाला सलग अर्धा तास मिळत असेल तर 30 दिवसांत 15 तास भरतात. दुसरे चालवत असताना बघायला मिळतं ते चांगलंच, पण ते तास वेगळे. फॉर्म 15 वर रोज सही करताना मिनिटं तुमच्यासमोर लिहून घ्या, आणि पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फी फारच कमी सांगत असतील तर डिझेलवरून ताळा करता येतो. रिकामा सहा चाकी ट्रक शिकण्याच्या संथ गतीने तासाला 25 किलोमीटर फिरला आणि लिटरला सहाचं अॅव्हरेज धरलं, तर तासाला चार लिटरच्या थोडं वर डिझेल जळतं. 15 तासांचे साठेक लिटर होतात. नव्वद रुपयांच्या भावाने नुसतं डिझेलच साडेपाच हजारांच्या आसपास. त्यावर शिकवणाऱ्याचा पगार, टायर, विमा, गाडीची झीज. मग पाच-सहा हजारांत 'लायसनसकट सगळं' म्हणणारा माणूस तुम्हाला 15 तास गाडी देणार कुठून? उलट बाजूने, जास्त फी म्हणजे चांगलं ट्रेनिंग असंही नाही. एकूण फी भागिले स्टिअरिंगचे खरे तास, असा भाव काढा. समजा एक जण 15,000 घेतो आणि पाच तास देतो, दुसरा 24,000 घेऊन वीस तास देतो. पहिल्याचा तास 3,000 ला पडला, दुसऱ्याचा 1,200 ला.

नागपूरकडच्या सेंटरबद्दल. 2021 पासून केंद्राने 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र' नावाचा वेगळा प्रकार आणला. अवजड वाहनांसाठी अशा केंद्राला किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि टेस्टचा स्वतःचा ट्रॅक लागतो. शिकवणारा बारावी पास आणि पाच वर्षांच्या अनुभवाचा लागतो. अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत 38 तासांचा, वर्गातला भाग धरून. इथून पास झालं की फॉर्म 5बी मिळतो आणि त्यावर आरटीओच्या ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट आहे. साध्या स्कूलच्या फॉर्म 5 वर ही सूट नाही, टेस्ट द्यावीच लागते. 2024 मध्ये 'आता कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमधून टेस्टविना लायसन' अशी बातमी फिरली होती, ती चूक होती, आणि तिच्या जोरावर अजूनही काही जण गिऱ्हाईक गोळा करतात. तेव्हा त्या सेंटरला फोन करून एवढंच विचारा, 'फॉर्म 5 देता की 5बी?' 5बी म्हणाले तर मान्यतापत्र बघायला मागा. 5 म्हणाले तर सिम्युलेटर असो की ट्रॅक, कायद्याच्या नजरेत ती साधी स्कूलच आहे, मग तिची फीही त्याच मापाने मोजा.

सिम्युलेटरचा उपयोग पहिल्या चार-पाच दिवसांत खरा होतो. गिअर कुठे पडतो, आरसे कोणत्या क्रमाने बघायचे, हे डिझेल न जाळता हाताशी बसतं. पण वीस फूट लांब हौद्याचं मागचं चाक कुठून जातंय, ते पडद्यावर पूर्ण कळत नाही. सिम्युलेटरचे तास आणि ट्रकचे तास वेगळे लिहून घ्या.

ट्रेनिंगमध्ये काय-काय असायला हवं, तेही आधीच विचारून ठेवा, कारण ट्रॅक्टर आणि कारचा हात ट्रकला चार ठिकाणी दगा देतो.

पहिलं वळण. डावीकडे आखूड वळण घेताना सहा चाकी ट्रकचं मागचं डावं चाक पुढच्या चाकाच्या वाटेपेक्षा मीटर-दीड मीटर आत कापतं. कारच्या सवयीने वळवलं की मागचं चाक रपट्याच्या कठड्यावर चढतं किंवा नालीत उतरतं, आणि मोटरसायकलवाला त्याच कोपऱ्यात उभा असतो. शिकवणाऱ्याने मोकळ्या जागेत डबे ठेवून हे दाखवायला हवं: आधी सरळ पुढे जायचं, मग वळवायचं, आणि वळताना डावा आरसा सोडायचा नाही.

दुसरं रिव्हर्स. तुमच्या भागात ड्रायव्हरची परीक्षा जिनिंगच्या वजनकाट्यावर आणि कोळशाच्या सायडिंगवर होते. काट्यावर सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर बसली पाहिजेत, दोन्ही बाजूंना हातभर जागा असते आणि मागे दहा गाड्या उभ्या असतात. नुसत्या आरशांवर, मान बाहेर न काढता, सरळ पन्नास मीटर मागे नेणं आणि काटकोनात मागे लावणं, ही दोन्ही कामं प्रत्येकी निदान दहा-बारा वेळा करून घ्या. क्लिनर मागे उभा राहून ओरडतो त्यावर शिकलेला हात एकट्याने गाडी लावायची वेळ आली की अडतो.

तिसरं ब्रेक आणि उतार. कारचा ब्रेक दाबला की लगेच लागतो. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून हवा चाकांपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी 60 च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापून पकड सुटते. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा) वापरायचा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा नाही. कितीही जुना ड्रायव्हर सांगो. वणीच्या सपाटीला हे शिकायला घाट नाही, पण बुलडाण्याजवळचा राजूर घाट किंवा परतवाड्याहून धारणीकडे जाणारा मेळघाटातला रस्ता पुढे कधीतरी तुमच्या भाड्यात येणारच. स्कूलने निदान एखाद्या मोठ्या पुलाच्या चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा उचलायला लावावी.

चौथं साईडपट्टी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. समोरून गाडी आली म्हणून डावी चाकं डांबराखाली घातली की भरलेला ट्रक तिकडे कलतो आणि कलला की परत येत नाही. अरुंद रस्त्यावर आधी वेग कमी करायचा, समोरच्याला डिपर द्यायचा, आणि जागा नसेल तर थांबायचं. खाली उतरायचंच असेल तर जवळजवळ थांबून, आणि पाऊस असेल तर उतरायचंच नाही. ही गोष्ट शहरातल्या ट्रॅकवर कोणी शिकवत नाही. साध्या स्कूलची एक खरी जमेची बाजू इथे आहे: ती गावाकडच्या रस्त्यावरच शिकवते.

आणि जमलं तर शेवटच्या आठवड्यात एक-दोन फेऱ्या वजन घातलेल्या गाडीवर मागा, मुरूम असो की रेती. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक या थांबण्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गाड्या आहेत. बहुतेक स्कूल नाही म्हणतील. जी हो म्हणेल तिला दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

एजंटकडे परत येऊ. सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना तो बहुतेक वेळा स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुमचं लायसन त्याच्या मुठीत राहतं.  खोट्या ट्रेनिंगच्या जोरावर निघालेल्या लायसनने गाडी हाती आली आणि कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा तुमच्या नावावर आहे. लायसनच खोटं निघालं तर विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते, आणि मालक मग तुमच्या दारात उभा राहतो. तेव्हा अर्ज कोणाच्याही दुकानात भरा, पण मोबाइल नंबर स्वतःचा टाका आणि अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवा.

सरकारी फीचे मूळ आकडे लहान आहेत: लर्निंग 150, ड्रायव्हिंग टेस्ट 300, असलेल्या लायसनमध्ये नवा वर्ग जोडायला 500, वर कार्ड-टपालाचा किरकोळ खर्च. बाकी जे काही मागतील ते ट्रेनिंगचं, म्हणून पावतीवर दोन्ही वेगळं लिहून मागा. ट्रेनिंगची फी तीन हप्त्यांत ठरवा: नाव घालताना एक, सात-आठ तास झाल्यावर दुसरा, फॉर्म 5 हातात आल्यावर तिसरा. एकदम सगळी भरा तर सवलत, असं म्हणाले तरी नको. मूळ लायसन, टीसी, आधार यांपैकी काहीही ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स पुरते. टेस्टच्या दिवशी गाडी स्कूलची की भाड्याने, आणि नापास झालात तर पुढच्या वेळी गाडीचे पैसे वेगळे लागतील का, हे आत्ताच लिहून घ्या. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते, तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावं लागतं.

आदिवासी समाजातले असाल तर आधी पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन न्यूक्लियस बजेटमधून, म्हणजे स्थानिक आदिवासी योजनांच्या निधीतून, यंदा वाहनचालक प्रशिक्षण आहे का ते विचारा. असलं तर फीचा प्रश्नच मिटतो.

वेळेचंही ठरवा. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते निघाल्यापासून 30 दिवसांनंतरच पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या तोंडावर नाव घातलं की रोज खाडे पडतात आणि स्कूल खुशाल खाड्यांचे तासही भरून टाकते. शेतीची कामं आटोपल्यावरचा सलग महिना-सव्वा महिना मोकळा ठेवा. लायसनसाठी राज्यातलं कोणतंही परिवहन कार्यालय चालतं. वणीहून यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ पडतं, तेव्हा चौकशी तिकडच्या स्कूलचीही करा. पत्रात तुम्ही दोनच नावं धरून बसला आहात. निदान चार ठिकाणं डोळ्यांनी बघून या, त्याला एसटीचं भाडं सोडून काही लागत नाही.

राहिले मामा. नुसतं क्लिनर म्हणून जायला कायद्याची अडचण नाही, अडचण स्टिअरिंग हातात घेतल्यावर सुरू होते. लर्निंगवर चालवायचं तर गाडीला पुढे-मागे एल लावलेला असावा लागतो, आणि शेजारी त्या वर्गाचं लायसन असलेला माणूस गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला लागतो. मामांच्या ट्रकला डाव्या बाजूला पेडल नाहीत. ते ओरडू शकतील, थांबवू शकणार नाहीत. वर गाडी भरलेली आणि मालक तिसराच. लर्निंगही नसताना पकडले गेलात तर तुम्हाला 5,000 दंड आणि गाडी देणाऱ्या मालकाला वेगळा. मामांची नोकरी त्यात जाईल.

पण ट्रेनिंग चालू असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत डाव्या सीटवर जरूर बसा. सकाळी टायर ठोकून बघणं, चाकांचे नट तपासणं, ताडपत्री आणि दोर बांधणं, चलान आणि ई-वे बिल सांभाळणं, हे स्कूल शिकवत नाही आणि मामांना ते पाठ आहे. लायसन निघाल्यावर मालकाला त्याची प्रत देऊन, त्याच्या संमतीने पहिले दोन-तीन महिने मामांसोबतच चालवा. आधी रिकामी परतीची गाडी, मग दिवसाची भरलेली, रात्रीची सगळ्यात शेवटी. दहा चाकी आणि ट्रेलरवर वर्षभर तरी जाऊ नका. टँकरचा म्हणजे घातक मालाचा वेगळा तीन दिवसांचा कोर्स असतो. तो आत्ताच घ्या असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, टँकरची नोकरी समोर आली की तेव्हा तो घेता येतो.